कोंडवाड्याच्या फायलीतलं फुटबॉल

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आठवणी लिहायला बसलं की जो तो तरुणपणी वाघ होता असं निघतं. मी वाघबिघ नव्हतो. नागपूरच्या सेक्रेटरिएटमध्ये कारकून होतो, तेवीस वर्षांचा, आणि व्हरांड्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला की कारण नसताना टेबलावरचे कागद सरळ करायला लागायचो. 

आमचं घर इतवारीकडे, कोष्ट्यांच्या वस्तीत. आई माझ्या लहानपणीच गेली, बहीण उमरेडला दिलेली. घरात मी, बाबा आणि माग. माग जमिनीतला, म्हणजे विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि मागाचे खांब भुईत रोवलेले असतात. बाबा त्यावर नऊवारी लुगडी विणायचे. चार-पाच वर्षांपासून त्यांची नजर जात चालली होती. धंतोलीतल्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं की आहे तेवढी जपा, ऑपरेशनानं काही परत येणार नाही. पण विणायला बाबांना डोळे फारसे लागत नसत, हातापायांना सगळं पाठ होतं. अडायचं एकाच ठिकाणी. ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा तुटला की तो शोधायला, सांधायला आणि फणीच्या दातांमधल्या घरातून पुन्हा ओवायला डोळेच लागतात. ते काम माझं. सकाळी ऑफिसला जाण्याआधी तासभर आणि संध्याकाळी आल्यावर उजेड असेपर्यंत मी तुटलेले धागे जोडायचो. दुपारी धागा तुटला तर बाबा माग थांबवून नुसते बसून राहत, मी येईपर्यंत.

छप्पन्न साली आमचं जुनं मध्य प्रदेश राज्य मोडायचं ठरलं. नागपूर राजधानी राहणार नव्हती. आमचे जिल्हे मुंबई राज्यात जाणार, बाकीचे नव्या मध्य प्रदेशात, आणि त्याची राजधानी भोपाळ. फायली वाटल्या जाणार होत्या, टेबलं, कपाटं, टाइपरायटर वाटले जाणार होते, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. कोण इथं राहणार आणि कोण भोपाळला जाणार याच्या याद्या निघणार होत्या. आम्हाला एकेक फॉर्म दिला होता. त्यात पसंती लिहायची आणि कारण लिहायचं. मी लिहिलं, 'वडील अधू दृष्टीचे, एकटे.' मागाचं लिहिलं नाही. सरकारला धाग्यांचं काय सांगणार? बाबा भोपाळला आले असते, माग आला नसता. आणि तुटलेल्या धाग्यापाशी हात मांडीवर ठेवून बसलेले बाबा मी रोज पाहत होतो. ते कायमचे तसे बसलेले पाहायचं मला धाडस नव्हतं.

आता फुटबॉल. माझ्या शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक जण होता. वडील रेल्वेत गार्ड, आई, दोन धाकटे भाऊ, सगळे रेल्वे क्वार्टरमध्ये. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर तो लेफ्ट-आउट, म्हणजे डाव्या कडेला, खेळायचा, आणि नोकरीपेक्षा त्याचं लक्ष तिकडेच जास्त. माझी त्याची दोस्ती खेळामुळे झाली, मी जन्मात बॉलला पाय लावला नसला तरी. त्याच्या घरी रेडिओ होता. आदल्या दिवशीच्या विलायती सामन्यांचे निकाल रविवारी सकाळी लंडनवरून सांगत, ते तो सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर उतरवून घ्यायचा आणि सोमवारी साडेदहाला माझ्या टेबलावर ठेवायचा.

निकाल ताजे, पण नुसते आकडे. ते तसे का लागले हे कळायला सेक्रेटरिएटच्या लायब्ररीत बोटीनं येणारं विलायती वर्तमानपत्र लागायचं, आणि ते तीन-चार आठवड्यांनी यायचं. एखादा क्लब चार गोलनी हरला हे आम्हाला सोमवारी कळायचं, आणि त्यांचा गोलकीपर सुरुवातीलाच पाय मुरगळून बाहेर गेला होता हे पुढच्या महिन्यात. मधल्या काळात आम्ही त्यांच्या मॅनेजरला दोन-तीनदा काढून टाकलेलं असायचं. मग पेपर आला की बिचाऱ्याला परत नेमायचं.

फक्त बोलायची सोय नव्हती. आमचे बडे बाबू, म्हणजे सेक्शनचे हेडक्लार्क, टेबलावरून टेबलावर बोललेलं खपवून घेत नसत. 'तोंड घरी ठेवून येत जा गा, हात घेऊन या,' असं म्हणायचे. लिहिताना दिसलो की मात्र खूश. मग माझ्या मित्रानं युक्ती काढली. रेकॉर्डमधून त्यानं एक कधीच बंद झालेली फाईल आणली. कुठल्याशा तहसिलीतल्या गुरांच्या कोंडवाड्यांच्या छपरांची दुरुस्ती, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. आतले कागद त्यानं रेकॉर्डात परत ठेवले आणि कव्हरात कोरी नोटशीट घातली. त्या नोटशीटवर आम्ही फुटबॉल लिहायला लागलो. परिच्छेदांना क्रमांक, खाली सही, सहीखाली तारीख, सगळं ऑफिसच्या शिस्तीत. बडे बाबूंच्या डोळ्यांदेखत फाईल त्याच्या टेबलावरून माझ्या आणि माझ्या टेबलावरून त्याच्या टेबलावर जायची, आणि बडे बाबू समाधानानं पान लावायचे.

तो लिहायचा, 'लंडनच्या एका क्लबने हंगाम सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच मॅनेजर काढला आहे. कारणे फायलीवर उपलब्ध नाहीत. घाई झाली असे वाटते. मतासाठी सादर.' त्याखाली मी लिहायचो, 'पाहिले. मॅनेजर काढल्याने सेंटर-हाफ अधिक वेगाने धावू लागतो असा पूर्वानुभव नाही. तथापि संचालकांना कोणास तरी काढणे भाग होते व ते स्वतःस काढू शकत नव्हते.' हे वाचून तो टेबलाखाली तोंड घालून हसायचा आणि मला घाम फुटायचा, कारण बडे बाबू मान वर करायचे.

त्या वर्षी मोठा वाद होता तो युरोपच्या कपाचा. निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांची ती स्पर्धा तेव्हा नवीच होती, दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी इंग्लंडच्या लीगनं आपल्या विजेत्या क्लबला सल्ला दिला की तिकडे जाऊ नका, आपले सामने आधी. आणि तो क्लब मुकाट्यानं घरी बसला. दुसऱ्या वर्षी मँचेस्टरच्या क्लबची पाळी आली. तिथला मॅनेजर लीगला बधला नाही, आपली तरुण पोरं घेऊन गेलाच. मित्र अर्थात मॅनेजरच्या बाजूचा. मी लीगच्या. 'वरिष्ठांचा सल्ला डावलून केलेली कृती यशस्वी झाली तरी ती शिस्तभंगच होय,' असं मी लिहिल्याचं मला आठवतं, आणि त्याची आज लाज वाटते. सप्टेंबरात त्या पोरांनी मँचेस्टरमध्ये ब्रुसेल्सच्या क्लबवर दहा गोल चढवले. त्या सोमवारी नोटशीटवर एवढंच होतं: 'लीगच्या सल्ल्यास दहा गोलांचे उत्तर. फाईल बंद करावी.' मी खाली लिहिलं, 'बंद करता येणार नाही. लीग अद्याप नाराज आहे.'

नोव्हेंबर उजाडला आणि राज्य मोडलं. पहिली यादी लागली. निम्मं सेक्रेटरिएट वळकट्या बांधून भोपाळला निघालं. बायका स्टेशनवर रडत होत्या. मित्राचं नाव नागपूरच्या यादीत होतं. माझं कुठेच नव्हतं. माझ्यासारखे वीसेक जण, ज्यांचं ठरायचं होतं, त्यांना फायली वाटून बांधण्याच्या कामावर ठेवलं आणि आमच्यावर नजर ठेवायला नागपूरच्या यादीतले चार-पाच, त्यात माझा मित्र. दुसरी यादी आमच्या साहेबांच्या, म्हणजे अवर सचिवांच्या हातात होती. ती आज लागणार, उद्या लागणार, असं रोज कोणीतरी सांगायचं. पहिल्या यादीतली नावंही मागून बदलत होती, त्यामुळे कोणालाच धड झोप नव्हती. रिकाम्या खोल्यांतून चालताना पावलांचा आवाज येई. भिंतींवर कपाटांच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. मला सकाळी जेवण जात नसे. सायकलवरून ऑफिसच्या फाटकाशी आलो की आधी नोटीस बोर्डाकडे बघायचो, कागद नवा नाही असं दिसलं की मगच सायकल लावायचो.

काम असं होतं. प्रत्येक फाईल उघडायची, ती कुठल्या जिल्ह्याची ते बघायचं, 'भोपाळकडे' किंवा 'मुंबईकडे' अशी शिफारस लिहायची, आणि शेवटी 'आदेशार्थ सादर' लिहून सही करायची. चपराशी गठ्ठा उचलून साहेबांकडे नेत असे. दिवसाला चाळीस-पन्नास फायली. हाताला ते दोन शब्द इतके बसले होते की घरी बहिणीला पत्र लिहितानाही मी एकदा शेवटी तेच लिहून बसलो होतो.

फुटबॉलची फाईल तेवढ्यातही चालू होती. चालू काय, तीच एक जागा होती जिथं भोपाळ नव्हतं. पण नवी अडचण आली. सुएझचा कालवा बंद पडला, बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागल्या, आणि लायब्ररीतला पेपर येईनासा झाला. रेडिओवरचे तुटक शब्द राहिले. आणि नेमकं तेव्हाच बुडापेस्टचं प्रकरण झालं. तिथं ऑक्टोबरअखेर बंड झालं होतं, रणगाडे रस्त्यावर आले होते, हे आमच्या इथल्या पेपरांतही छापून आलं होतं. तिथला मोठा क्लब युरोपच्या कपासाठी स्पेनला गेला, एका गोलनं हरला. परतीचा सामना घरी व्हायचा, तो घरी होईना म्हणून डिसेंबरात ब्रुसेल्सला झाला. बरोबरी झाली, क्लब कपातून बाहेर पडला. आणि मग टीम घरी गेलीच नाही. परत या असं त्यांना वरून सांगत होते, नाही आलात तर बंदी घालू असंही सांगत होते. कोण जाणार, कोण राहणार, कोच कोणाच्या बाजूचा, आम्हाला काही कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणूनच आम्ही पानंच्या पानं लिहिली.

मित्र म्हणाला, म्हणजे त्यानं लिहिलं, की परत जावं. टीम देशाची, करार क्लबचा, आणि जो तो आपापलं बघायला लागला तर टीम मोडते. टीम मोडण्याइतका मोठा फाऊल दुसरा नाही. कोचनं सगळ्यांना एका गाडीत बसवून घरी न्यावं.

ते वाचून मला राग आला. मला सहसा राग येत नाही, भीती येते. पण त्या दुपारी माझ्यासमोर बारदानात बांधलेली बंडलं पडली होती, प्रत्येकावर 'भोपाळ' असं काळ्या शाईनं लिहिलेलं, आणि मी लिहीत सुटलो. 'या खेळाडूंचे आईबाप तेथे आहेत, आणि तेथे जाण्याची त्यांना भीतीही वाटते. अशा माणसास जा किंवा राहा असे टेबलामागून सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या घरास कुलूप लावून पाहावे. माणूस म्हणजे बंडल नव्हे.' जन्मात एवढं धीट मी काही लिहिलं नव्हतं. त्याखाली सही केली, तारीख टाकली, आणि फाईल बाजूला ठेवली.

चारच्या सुमाराला मित्रानं हळूच विचारलं, 'कोंडवाडा कुठी हाय गा?'

मी टेबल बघितलं. खण बघितला. मग मला माझाच हात आठवला. सहीच्या वर मी 'मतासाठी सादर' लिहिलं नव्हतं, 'आदेशार्थ सादर' लिहिलं होतं. मतासाठीची फाईल शेजारी जाते, आदेशार्थची वर जाते. आणि मी ती वर जाणाऱ्या गठ्ठ्यावर ठेवली होती. चपराशाला विचारलं तर तो म्हणाला, 'सगळ्याच नेल्या नं, बाबू. साहेबाच्या टेबलावर हाय.'

माझं धाबं दणाणलं. सरकारी फायलीचा गैरवापर, कामाच्या वेळात करमणूक, आणि वर साहेबांना तोंडावर सांगितलेलं की आधी स्वतःच्या घराला कुलूप लाव. त्या ओळीवर माझी सही. आणि माझं नाव ज्या यादीत घालायचं ती यादी त्याच टेबलावर. मित्रही पांढरा पडला, पण हसायचा प्रयत्न करत म्हणाला, 'साहेब वाचन तं खरं. कोणाच्या बाजूनं निकाल देते ते पाहू.' मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी मी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. चपराशी स्टुलावर बसलेला. 'साहेब फायली वाचून राह्यले,' तो म्हणाला. 'काही काम?' मी नाही म्हणून परत फिरलो. तिसऱ्या दिवशी रविवार आला, आणि तो सगळ्यात वाईट गेला. मित्र निकाल घेऊन घरी आला, बाबांशी गप्पा मारल्या, चहा प्याला. मला एकही स्कोअर लक्षात राहिला नाही.

त्या संध्याकाळी मी तीन धागे सांधले. बाबा मागावर बसले, फणीवरून बोटं फिरवली आणि थांबले.

'काहून गा, दोन धागे एकाच घरात ओवले तू?'

'थंडी आहे, बाबा. बोटं चालत नाहीत.'

'हे थंडीचं नाही. भोपाळचं आलं काय?'

'नाही.'

त्यांनी हात फणीवरून काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, 'येईन तं आधी सांगजो मले. मी हे लुगडं पुरं करून माग उखडून देतो. खांब कामात येते कोणाच्या तरी.' लाकूड विकायचं असतं तसं त्यांनी हे सांगितलं. म्हणजे त्यांचं ठरलं होतं. मी इतके दिवस ज्याची भीती मनात दडवत होतो, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी तो धागा पुन्हा काढून ओवायला घेतला आणि मला फणीची घरंच दिसेनात.

सोमवारी फाईल परत आली. साहेबांनी ती वाचलेली नव्हती. कव्हरावर एक चिठ्ठी टाचलेली होती. साहेबांनी वरचं नाव वाचलं होतं, शेवटची तारीख ताजी आहे एवढं पाहिलं होतं, आणि लिहिलं होतं: 'चालू फाईल. तहसील नव्या मध्य प्रदेशात. संबंधित कारकुनासह भोपाळकडे. कारकुनाचे नाव आज कळवावे.'

बडे बाबू चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले. मित्र तेव्हा स्टेशनवर होता, बंडलं वॅगनमध्ये चढवून घ्यायला. 'हे कोंडवाड्याचं कोण पाहून राह्यलं? मले तं आठवत नाही,' बडे बाबू म्हणाले. मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागलो. 'तुमच्याच दोघांच्या टेबलावर दिसते हे फाईल नेहमी. नाव लिहून द्या. पाचच्या आत पाह्यजे साहेबाले.' आणि ते गेले.

मी साहेबांकडे जाऊन खरं सांगू शकत होतो. कोंडवाडा नाही, छप्पर नाही, दोन मूर्ख माणसं बुडापेस्टच्या टीमवर भांडत होती. मग दोघांची नोकरी गेली असती. किंवा माझं नाव लिहू शकत होतो. चार वाजले, सव्वाचार वाजले. मी मनाशी एकेक मांडत होतो. त्याला दोन भाऊ आहेत, आईबापाकडे बघायला कोणी आहे. त्याचे वडील रेल्वेत, त्याला प्रवासाचा पास मिळेल. रेडिओ उचलून नेता येतो. भोपाळलाही मैदान असेल. अशी कारणं भराभर सुचत होती आणि प्रत्येक खरं होतं, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. पावणेपाचला चपराशी दारात येऊन उभा राहिला. मी कोऱ्या चिठ्ठीवर माझ्या मित्राचं नाव लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली, आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी त्याचा हुकूम निघाला. आठ दिवसांत रुजू व्हायचं होतं. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो, पण त्यानंच खांद्यावर हात टाकला. 'हो गया गा. माह्या सह्या मोठ्या मोठ्या असते नं, साहेबाच्या नजरेत भरली असन.' मी मान हलवली. त्यानं हे मला न विचारता सांगितलं, त्यामुळे मला खोटं बोलावं लागलं नाही, आणि तेवढ्यापुरतं मला बरंसुद्धा वाटलं. इतका मी खाली गेलो होतो.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आता साहेबांची भीती उरली नव्हती, मित्राची वाटत होती. तो जवळ आला की वाटायचं आता विचारतो. बडे बाबू त्याच्याशी बोलताना दिसले की हातातला टाक थांबायचा. तो मात्र नेहमीसारखा येत होता. रविवारी सकाळचे निकाल पाकिटावर लिहून घेऊन आला, मँचेस्टर जिंकलं म्हणून माझ्या पाठीत गुद्दा घातला. बाबांना म्हणाला, 'भोपाळले तलाव मोठा हाय म्हणते, येजा एकदा पाहाले.' बाबांनी त्याला कापडाचा एक तुकडा दिला, पंचासारखा. दुसऱ्या यादीत माझं नाव नागपूरला लागलं तेव्हा पहिल्यांदा येऊन त्यानंच सांगितलं.

तो गेला ती सकाळ थंड होती. दिल्लीकडे जाणारी गाडी लागलेली, त्याची आई डब्याशी उभी, भाऊ वळकटी चढवत होते. मी उशिरा पोचायचं ठरवून निघालो होतो तरी वेळेवर पोचलो. खिडकीत बसल्यावर त्यानं पिशवीतून कोंडवाड्याची फाईल काढली. संबंधित कारकून म्हणून ती त्याच्याच ताब्यात होती. 'तुझी टिपणी राह्यली,' तो म्हणाला. 'मी लिहिलं हाय खाली, की टीम मोडली तरी खेळाडू खेळाडूच असते. तुझं मत लिहून दे. गाडीत वाचतो.' आणि खिडकीतून फाईल माझ्या हातात देऊन तो आईशी बोलायला वळला.

मी टाक काढला आणि फाईल उघडली. नोटशीटच्या वर माझी चिठ्ठी टाचलेली होती. ऑफिसात कुठलाही कागद नुसता पडून राहत नाही. ज्या फायलीचा असेल त्या फायलीत लावला जातो, आणि ज्याच्याबद्दल असेल तो त्यावर 'पाहिले' लिहून सही करतो. हे मी शेकडो वेळा केलं होतं आणि त्या दिवशी भीतीपोटी विसरलो होतो. माझ्या अक्षरातल्या त्याच्या नावाशेजारी त्याच्या अक्षरात 'पाहिले' लिहिलेलं होतं, आणि मोठी सही. तारीख मी चिठ्ठी लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. हुकूम निघायच्या आधीची.

'लिहिलं काय गा?' त्यानं विचारलं.

'नाही.'

'राहू दे मंग.' त्यानं हात पुढे केला, मी फाईल दिली. शिट्टी झाली. 'बाबाले सांगजो मी गेलो म्हणून,' तो म्हणाला. गाडी हलली तेव्हा तो ती फाईल मांडीवर घेऊन बसला होता, आणि मी त्याच्या आईशेजारी प्लॅटफॉर्मवर उभा राहून, त्यानं वळून माझ्याकडे बघू नये एवढंच मनातल्या मनात म्हणत होतो. त्यानं वळून बघितलं आणि हात हलवला.